ठोकायची राहिलेली कळशी

बाजारपेठ कशी बदलली यावर लिहा, असं संपादकांनी मला सांगितलं. महाडच्या बाजारात एकाच भांड्यांच्या दुकानात मी छत्तीस वर्षं नोकरी केली. तांबं-पितळ जाताना पाहिलं, स्टील येताना पाहिलं, नॉनस्टिकचे चोचले पाहिले, आणि शेवटी आमच्याच दुकानात पंख्याखाली उभं राहून मोबाइलवर दुसऱ्याचा भाव बघणारं गिऱ्हाईकही पाहिलं. या सगळ्यावर लिहायला बसलो तर अंक पुरायचा नाही आणि वाचणाऱ्याला डुलकी लागेल. म्हणून मी फक्त एका कळशीबद्दल लिहिणार आहे. त्या कळशीसाठी मी एका बाईला शब्द दिला होता आणि तो पाळला नाही. बाजार कसा बदलला ते त्या गोष्टीत आपोआप येईल.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दुकानात माझी तीन कामं. वजन करणं, नाव घालणं आणि ठोकणं.

आपल्याकडे भांडं नुसतं देत नाहीत, नाव घालून देतात. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशानिमित्त दिलं, सगळं त्यावर. पूर्वी मी छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन टिंबाटिंबानं अक्षर काढायचो. पुढे विजेचं यंत्र आलं, ते दाताच्या डॉक्टरकडल्यासारखं किरकिरतं. नाव घालायचे पैसे आम्ही कधीच घेतले नाहीत. माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, पण पोलादपूरच्या डोंगरातल्या कितीतरी फडताळांत माझं अक्षर आजही पालथं पडलेलं आहे, याचा मला अभिमान वाटतो.

वाड्यांची सामाईक भांडीही असत. मोठे टोप, पराती, घमेली, सगळ्यांवर ‘ग्रामस्थ मंडळ, गाव व मुंबई’ असं लिहायचं. एका वाडीत गाववाले आणि मुंबईवाले यांचं फाटलं, तेव्हा गाववाले अख्खा टेम्पो भरून टोप घेऊन आले. म्हणाले, ‘भाऊ, त्यातला मुंबई काढून टाक.’ मी तीन दिवस बसून मुंबई घासली. पुढच्या गणपतीत त्यांचं जुळलं आणि तोच टेम्पो परत आला. मी पुन्हा मुंबई घातली. दोन्ही वेळा अण्णाशेठनी त्यांना चहा पाजला आणि दोन्ही वेळा ते गेल्यावर पोट धरून हसले.

अण्णाशेठ म्हणजे आमचे मालक. पांढरा सदरा, धोतर, आणि बोलणं मोजकं. ठोकण्याचा नियम त्यांचा.

जुनं भांडं मोडीत देऊन नवं घ्यायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. जुन्याचं वजन करायचं, चिकटलेली माती-लाख वजा करायची आणि राहील त्याच्या भावात नवं द्यायचं. मोड साचली की पोत्यात भरून भट्टीला जायची. सुरुवातीला बऱ्या अवस्थेतलं जुनं भांडं आम्ही तसंच विकायचोही. मग एकदा असं झालं की, एका माणसानं आमच्याकडून जुनी परात नेली. परातीवर शेजारच्या वाडीतल्या घराचं नाव होतं. एका लग्नात पंगतीला ती परात बाहेर आली आणि मूळ घरच्या म्हातारीनं ओळखली. तिच्या सुनेनं ती गुपचूप मोडीत दिली होती आणि घरी चोरीला गेली म्हणून सांगितलं होतं. भर मांडवात तो बिचारा चोर ठरला. त्याची बायको दोन दिवसांनी रडत दुकानात आली. अण्णा उठले, एसटीनं गेले, पुढचा चढ चालत चढले आणि माणसं जमवून सांगितलं की परात मी विकली आहे, दोष माझा आहे. त्या माणसावरचा डाग गेला. सुनेचं मात्र जे व्हायचं ते झालंच.

परत आल्यावर अण्णा मला म्हणाले, ‘सुधाकर, आजपासून नावाचं भांडं आपल्या दुकानातून अखंड बाहेर जाणार नाही. घेतलं की तिथल्या तिथं, गिऱ्हाइकासमोर ठोकायचं.’

तेव्हापासून मी ठोकत आलो. दाराशी सागाचा एक ओंडका होता, त्यावर भांडं ठेवायचं आणि मोठ्या हातोडीनं चेपायचं. बायका भांडं वजनाला घालेपर्यंत भावावरून भांडायच्या, पण हातोडी उचलली की गप्प व्हायच्या. काही जणी तोंड फिरवायच्या. आवाज बंद झाला की मग नवं पातेलं बघायला लागायच्या. त्या आवाजाशिवाय व्यवहार पुरा झाला असं कुणाला वाटायचंच नाही. आमच्या दुकानावर लोकांचा जो विश्वास होता तो या हातोडीमुळे होता, असं माझं मत आहे.

मग दिवस बदलत गेले. लग्नात लोक भांड्यांऐवजी पाकीट द्यायला लागले. वाड्यांतले टोप माळ्यावर गेले, कारण जेवणाचा ठेका द्यायची पद्धत आली. अण्णा थकले आणि त्यांचा मुलगा निलेश गादीवर बसला. निलेशला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो, पण चारचौघांत शेठच म्हणायचो. तो मला काका म्हणायचा, अजूनही म्हणतो.

निलेशला धंद्याची अक्कल आहे, हे मी आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्याला खलनायक समजेल. एमआयडीसीतल्या पाळीवाल्यांना मोटारसायकलच्या डिकीत मावेल असा डबा लागतो, हे त्यानं कंपनीच्या फाटकाशी उभं राहून बघितलं आणि तसे डबे आणले. एकदा एक सुपरवायझर साहेब कुकरचा भाव मोबाइलवर दाखवून आमच्याशी हुज्जत घालत होते. निलेश म्हणाला, ‘साहेब, तिकडूनच मागवा, खरंच स्वस्त आहे. फक्त रिंग बदलायची झाली की आमच्याकडे या.’ साहेब चार महिन्यांनी आले, गळकी शिट्टी घेऊन. निलेशनं दारातच कुकर दुरुस्तीचं बाक टाकलं होतं. मोबाइलमधला दुकानदार शिट्टी बदलून देत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. दुरुस्तीला आलेला माणूस जाताना कढई घेऊन जायचा. वीर स्टेशनवरून रिक्षानं येणारे चाकरमानीसुद्धा मुंबईचे कुकर पिशवीत घालून आमच्याकडे आणायला लागले.

मग पूर आला. महाडकरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही. सावित्री आणि गांधारी दोघी एकदम बाजारात आल्या. दुकानाचं छत तेवढं पाण्याबाहेर राहिलं. माझं घर दासगावला, तिथेही तेच. तिसऱ्या दिवशी शटर उचललं तर आत गुडघाभर गाळ. मिक्सर, शेगड्या, नॉनस्टिकचे खोके, बाकावरची दुरुस्तीची यंत्रं, सगळं गेलं. अण्णा हे बघायला राहिले नव्हते, ते एका परीनं बरंच झालं. निलेश पायरीवर बसला. आम्ही चार नोकर. प्रत्येकाच्या घरात चूल त्या दुकानावर पेटायची. आता काय, असं विचारायचीही कुणाची छाती नव्हती.

त्या गाळातून धड निघालं ते फक्त पितळ आणि तांबं. पोत्यात ठेवलेली मोड. वर पुरानंतर लोकांनी घरं रिकामी करताना जुनी भांडी आणून टाकली. ठोकायला माणूस मोकळा नव्हता, म्हणून ती तशीच अंगणात रचून ठेवली होती. निलेशनं सहज त्या ढिगाचा फोटो मोबाइलवर टाकला. संध्याकाळी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्या हॉटेलं सजवून देण्याचं काम करायच्या. म्हणाल्या, सगळा ढीग मला द्या, ठोकू नका.

घाटरस्त्याला आणि हायवेला तेव्हा नवी नवी हॉटेलं उभी राहत होती. त्यांना दारात जुनी घागर, जिन्यात जुना हंडा, टेबलावर तांब्या असं सगळं पाहिजे होतं. आम्हाला वाटलं नावं घासून द्यावी लागतील. तर उलटंच. त्या बाई म्हणाल्या, ‘नाव राहू द्या हो. नावामुळेच तर खरं वाटतं.’ ज्यावर नाव होतं ते भांडं मोडीच्या कितीतरी पट भावानं जायला लागलं.

मी निलेशला अडवलं. परातीची गोष्ट त्याला माहीत होती, तरी पुन्हा सांगितली. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, अण्णांचा नियम अण्णांच्या बाजाराला होता. तेव्हा परात शेजारच्या वाडीत जायची. आता पुण्याला जाते, तिथं कोण ओळखणार आहे?’ मग तो म्हणाला, ‘आणि नाही विकली तर तुमच्या चौघांतल्या कुणाला घरी बसवू, ते तुम्हीच सांगा.’

हातोडी मी बाकाखाली सरकवली. पुढे मलाच त्या कामात गोडी लागली, हेही कबूल करतो. चिंच आणि राख लावून मी पितळ असं उजळायचो की फोटोत सोन्याचं वाटावं. ऑर्डरी यायला लागल्या, दुकान वर्षभरात उभं राहिलं, चौघांचीही नोकरी टिकली. ‘काकांचा हात लागला की माल राहत नाही,’ असं निलेश गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा आणि मला बरं वाटायचं.

त्याच दिवसांत सुभद्राबाई आली.

सुभद्राबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. नवरा मुंबईला वॉचमन, ही गावी भात आणि नाचणी करायची. पुराच्या आदल्या वर्षी तिच्या लेकीचं, रेश्माचं लग्न होतं, तेव्हा ती भावाला घेऊन आली होती. मामानं भाचीला पितळेची कळशी घेतली. पाकिटाच्या दिवसांत पितळेची कळशी घेणारं गिऱ्हाईक दुर्मीळ, म्हणून मी मुद्दाम यंत्र बाजूला ठेवून छिन्नीनं नाव घातलं. ‘चि. सौ. कां. रेश्मा हिस मामाकडून सप्रेम भेट.’ सुभद्राबाईला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडून कळशी घेतली आणि विचारलं, ‘यात रेश्मा कुठं हाय?’ मी दाखवलं. तिनं त्या टिंबांवरून बोट फिरवलं आणि हसली.

ती आता आली ती एकटी. हातात कापडी पिशवी, पिशवीत तीच कळशी. पोटाला एक पोचा आलेला होता.

‘भाऊ, ही ठोकून टाक,’ ती म्हणाली.

मी विचारलं, ‘का गो? मुलीची ना ही?’

‘मुलगी गेली. बाळंतपणात. पोर पन नाय ऱ्हायलं. सासरच्यांनी तिची भांडी परत धाडली.’

तिनं पिशवीतून कळशी पुरती बाहेर काढली. ‘बाकीची ठेवलीत. हिच्यावर तिचं नाव हाय. घरात ठेववत नाय आनि कुनाला देववत नाय. दुसऱ्याच्या घरात तिचं नाव पानी भरीत फिरंल, ते नको मला. तू माज्यासमोर ठोक.’

मी वजनकाट्याकडे हात केला. ती म्हणाली, ‘बदली काय घेनार नाय मी. लेकीचं देऊन घरात काय आनू?’

निलेश गल्ल्यावर होता. त्याला हे बोलणं ऐकू गेलं नव्हतं, तो फोनवर होता. घाटातल्या एका हॉटेलची मोठी ऑर्डर होती आणि तिच्यात कळश्या कमी पडत होत्या. त्यानं सुभद्राबाईच्या हातातली कळशी बघितली आणि मला नुसती मान हलवून बाजूला ठेवायची खूण केली.

मी तेव्हा काय केलं ते जसंच्या तसं लिहितो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. वरच्या वाडीला दुपारची एकच एसटी जाते, आणि ती पोलादपूरला पकडायची तर महाडहून लगेच निघावं लागतं. मी म्हणालो, ‘बाय, तुझी गाडी चुकंल. तू नीघ, मी ठोकतो.’

‘ठोकशील ना?’

‘शब्द हाय माझा.’

ती गेली. गाडी खरंच चुकली असती, ते खोटं नव्हतं. पण ठोकायला दोन मिनिटं लागतात, आणि दोन मिनिटं होती. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तिनं मला नियम सांगितला नव्हता, माझ्याच नियमाची मला आठवण करून दिली होती, आणि मी घड्याळ दाखवून तिला वाटेला लावलं. निलेशला मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं, हे आज मला पक्कं माहीत आहे. मी कळशी उजळली. पोचा आतून ठोकून सरळ केला. ती मालाबरोबर गेली. माझ्या हातची ती शेवटची छिन्नीची अक्षरं होती आणि तीही छान उठून दिसत होती, एवढंसुद्धा मी त्या वेळी मनात म्हटलं.

सहा-सात महिने गेले. सुभद्राबाई पुन्हा दुकानात आली. या वेळी अंगावर हॉटेलातल्या कामवाल्यांचा निळा कोट होता. ती बाकावर बसली. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

‘भाऊ, तू ठोकली नाय?’

‘नाय,’ मी म्हणालो. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

तिनं सांगितलं ते असं. शेतीचं काम सरल्यावर ती घाटातल्या हॉटेलात झाडलोट आणि भांड्यांच्या कामाला लागली होती. वाडीतल्या दोघीतिघी जात होत्या म्हणून तीही गेली. दाराशी फुलं घालून ठेवलेली एक कळशी होती. पोचा मी काढला होता, म्हणून तिला ओळखू आली नाही. पण तिथली माणसं त्या कळशीला नावानं बोलवत होती. हॉटेलात पाच-सहा घागरी-कळश्या, कुठली कुठली म्हणून सांगायचं, तर जिच्यावर जे नाव तेच तिचं नाव. ‘रेश्मा बाहेर ठेवा.’ ‘रेश्मातलं पाणी बदला.’ ‘रेश्माला जरा घासा, काळी पडली.’

‘पहिल्यांदी मला वाटलं कुनी पोरगी हाय तिथं कामाला,’ सुभद्राबाई म्हणाली. ‘मी बघीत होते, कुठली रेश्मा म्हनून. मग म्यानेजरनं मलाच सांगितलं, रेश्मा उचल आनि आत ने. मी बोट फिरवून बघितलं.’

ती रडली नाही. ती ओरडली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या, तर मला सोसणं सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाली, ‘दिवसाला किती येळा हाक मारतात रे तिला.’

निलेशनं हे सगळं गल्ल्यावरून ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं मला विचारलं, ‘काका, त्यांनी ठोकायला सांगितली होती?’ मी हो म्हणालो. ‘मला का नाही सांगितलं?’ तो उठला, गल्ल्याला कुलूप घातलं आणि म्हणाला, ‘चला, गाडीत बसा. बदली द्यायला दोन चांगल्या घागरी घ्या.’

मी घाईनं फळीवरच्या दोन उजळ घागरी घेतल्या. सुभद्राबाईला पोलादपूरला सोडलं, हॉटेलात तिला आमच्याबरोबर नेणं बरं दिसलं नसतं. मॅनेजर आधी तयार होईना. पाहुणे त्या कळशीशेजारी उभे राहून फोटो काढतात, ती काढता येणार नाही, म्हणाला. निलेशनं खरं कारण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर सुभद्राबाईची नोकरी अवघडली असती. चुकून दुसऱ्याचा माल आला, मूळ घरचे मागतायत, एवढंच बोलला. हात जोडले. शेवटी मॅनेजरनं दोन घागरी ठेवून कळशी दिली आणि वर म्हणाला की पुढच्या मालाचं आम्ही बघू. तो पुढचा माल त्यांनी दुसरीकडून घेतला. ते आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. निलेशनं त्याबद्दल मला आजवर एका शब्दानं ऐकवलेलं नाही.

दुकान अजून चालतं. कुकरचं बाक जोरात आहे. हातोडी निलेशनं बाकाखालून काढून परत ओंडक्यावर आणून ठेवली. मोड घेऊन कुणी आलं की आता आधी विचारतात, अखंड देता का ठोकू? बहुतेक जण अखंडच म्हणतात, कारण त्याला भाव जास्त मिळतो. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्यानंतरच्या दिवाळीला मी काम सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पण कळशी पोचवली तो दिवस सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

दुसऱ्याच दिवशी, तिच्या सुट्टीच्या वारी, मी पिशवीत कळशी आणि हातोडी घेऊन तिच्या वाडीला गेलो. एसटी खाली थांबते, वर अर्धा तास चढ. सुभद्राबाई अंगणात नाचणी वाळत घालत होती. मी कळशी पुढं केली. वाटेत माझ्या मनात आलं होतं की कळशी हातात आल्यावर कदाचित तिचा जीव बदलेल.

‘बघ गो, ठेवायची तर ठेव,’ मी म्हणालो. ‘अजून काय बिघडलं नाय.’

‘ठेवायची असती तर तुज्याकडं आनली असती काय?’

तिनं अंगणाच्या कडेचा एक सपाट दगड पुढं ओढला. कळशी आडवी ठेवली. मी हातोडी उचलली आणि सवयीनं गळ्यावर पहिला घाव घालणार होतो. तिनं कळशी फिरवली. नाव वर आणलं.

‘आधी हितं.’

माझा हात थांबला. छत्तीस वर्षांत कधी थांबला नव्हता. मी हातोडी तिच्याकडे धरली आणि म्हणालो, ‘तूच घाल पहिला.’

‘नाय,’ ती म्हणाली. ‘तू घातलंस नाव, तूच काढ.’

मी घाव घातला. जाड पितळ, एका घावात वाकत नाही. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली आणि कारण समजल्यावर तिथंच उभी राहिली. मी ठोकत राहिलो, टिंबं एकमेकांत मिसळली, पत्रा आत वळला, पोट गळ्याला टेकलं. सुभद्राबाईनं एकदाही तोंड फिरवलं नाही. सगळं सपाट झाल्यावर तिनं तो पत्रा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघितलं आणि माझ्या पिशवीत घातला. ‘भट्टीला जाऊ दे,’ म्हणाली. मग तिनं मला पाणी दिलं आणि स्वतःही प्याली. मला वाटलं, उशिरा का होईना, शब्द पुरा झाला. मी निघायला उठलो.

तेव्हा तिनं विचारलं, ‘भाऊ, हिच्या बदली त्यांना काय दिलंत?’

‘दोन घागरी.’

‘त्यांच्यावर नावं हायत?’

मी घागरी फळीवरून काढताना चकाकी बघितली होती, नाव बघितलं नव्हतं. पण फळीवर बिननावाची घागर आम्ही ठेवतच नव्हतो.

‘हायत,’ मी म्हणालो.

‘कुनाची?’

मला सांगता आलं नाही. सुभद्राबाईनं सूप उचललं आणि परत नाचणीशी बसली.

‘मला काय वाचता येत नाय,’ ती म्हणाली. ‘उद्या कामावर गेले की तिथली मानसं हाक मारतील, तवा कळंल.’